परसातील कुक्कुटपालन

परसातील कुक्कुटपालन : घराच्या परसात, अंगणात वा वाडीत थोड्या कोंबड्या दिवसभर मोकळ्या सोडून, त्यांना आपले बहुतेक अन्न स्वतःच शोधू देऊन व रात्री खुराड्यात कोंडून अंडी आणि मांस यांकरिता पाळण्याच्या पद्धतीस परसातील कुक्कुटपालन म्हणतात. एका कुटुंबाकडील पक्ष्यांची संख्या सामान्यतः पाच ते वीस असते. पिंजऱ्यात किंवा गादी पद्धतीने हजारो कोंबड्या ठेवून चालविलेल्या व्यापारी कुक्कुटपालनाची ही केवळ लहान आवृत्ती नव्हे. दोहोंचे अर्थशास्त्र मुळातच भिन्न आहे आणि एकाचे नियम दुसऱ्यास लावल्यामुळे परसातील कुक्कुटपालनाच्या सुधारणेचे अनेक प्रयत्न फसले आहेत. २०१९ च्या पशुगणनेनुसार भारतातील ८५·१८ कोटी कुक्कुट पक्ष्यांपैकी ३१·७ कोटी पक्षी परसातील होते. २०१२ नंतरच्या सात वर्षांत परसातील पक्ष्यांची संख्या सु. ४६ टक्क्यांनी वाढली. व्यापारी धंद्याच्या विस्तारामुळे ही जुनी पद्धत नामशेष होईल, ही अपेक्षा या आकड्यांनी खोटी ठरविली. प्रस्तुत नोंदीत अंड्यांसाठी कोंबड्या पाळण्याचा विचार मुख्यत्वे चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांच्या, विशेषतः नागभीड परिसराच्या संदर्भात केला आहे.

नागभीड हे तालुक्याचे ठिकाण नागपूरच्या आग्नेयीस सु. १०० किमी. अंतरावर असून तो भाग झाडीपट्टीत म्हणजे पूर्व विदर्भातील जंगल, तलाव व धानशेती यांच्या पट्ट्यात मोडतो. (गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. तत्पूर्वी हा सर्व प्रदेश एकाच जिल्ह्यात होता.) येथील कोंबडीचे जीवन धानाशी बांधलेले आहे. कापणी-मळणीच्या वेळी बांधीत व खळ्यावर सांडलेले दाणे, भरडाईनंतर उरणारी कणी आणि कोंडा, घरातील उष्टे-खरकटे, शेणखताच्या उकिरड्यातील किडे, पावसाळ्यातील गांडुळे, नाकतोडे व कोवळे गवत हे तिचे अन्न होय. नागभीड तालुक्यातीलच नांदेड या गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे (मृत्यू २०१८) यांनी निवडीने सिद्ध केलेले ‘एचएमटी’ हे बारीक धान या भागाची ओळख बनले. त्या धानाची भरडताना मोडलेली कणी परसातील कोंबडीच्याही वाट्याला येते. माजी मालगुजारी तलावांतील शिंपले व गोगलगायी ठेचून घातल्यास कोंबडीस कवचासाठी लागणारा चुना फुकट मिळतो. पिलांना वाळवी खाऊ घालण्याची युक्तीही खेड्यांत परिचित आहे. मडक्यात ओले तणस व शेण भरून ते वारुळाजवळ पालथे ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी त्यात जमलेली वाळवी पिलांपुढे झटकतात. उत्तम प्रतीची प्रथिने मिळविण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही.

जाती : पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा (गॅलस गॅलस) असून दक्षिण भारतातील करड्या रानकोंबड्याचाही (गॅलस सोनेराटी) तिच्या वंशात काही अंश असल्याचे आनुवंशिकीय संशोधनावरून दिसून आले आहे. पाळीव कोंबड्यांच्या कातडीचा पिवळा रंग करड्या रानकोंबड्याकडून आला आहे. हिमालयाच्या पायथ्यापासून पूर्व-मध्य भारतातून गोदावरीपर्यंत लाल रानकोंबडा आणि द्वीपकल्पाच्या उरलेल्या भागात करडा, अशी या दोन जातींची स्थूल विभागणी आहे. चंद्रपूर-गडचिरोलीची अरण्ये या दोन प्रदेशांच्या सांध्याजवळ येतात.

या भागातील देशी कोंबडी ठराविक जातीची नसते. रंग, तुरा, पायांचा वर्ण सर्वच मिश्र असतात. ती लहान, चपळ व संशयी असून घारीची सावली पडताच झुडपाखाली शिरते. वर्षातून ती केवळ ५० ते ७० अंडी घालते व अंड्याचे वजन ४० ते ४५ ग्रॅ. भरते. असील ही उंच, भांडखोर जात झुंजीसाठी प्रसिद्ध आहे. या दोन जिल्ह्यांतील कोंबडबाजारांत झुंजींवर पैजा लागतात, मात्र प्राण्यांच्या क्रूरतेस प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमान्वये अशा झुंजी गुन्हा ठरतात. अंड्यांच्या दृष्टीने असील फारशी उपयोगी नाही, परंतु तिच्यासारखी खंबीर आई दुसरी नसते. मध्य प्रदेशातील झाबुआ भागातील कडकनाथ ही काळ्या मांसाची जात महाराष्ट्रातही पसरली आहे. तीही वर्षाला शंभराच्या आतच अंडी देते.

स्वातंत्र्योत्तर काळात खेड्यांत व्हाइट लेगहॉर्न व ऱ्होड आयलंड रेड या विदेशी जातींचे कोंबडे व पिले वाटण्याचा प्रयोग झाला. वर्षाला दोनशेहून अधिक अंडी घालणारी लेगहॉर्न कागदावर देशी कोंबडीच्या चौपट किफायतशीर होती. परंतु मोकळ्या परसात तिचा पांढराशुभ्र रंग सर्वांत अधिक सोयीचा ठरला तो घारीला. शिवाय तिला अन्न हुडकण्याची सवय नव्हती व रोगांपुढे ती टिकाव धरीत नसे. या अनुभवातून पुढे रंगीत पिसांचे, काटक व मध्यम उत्पादनाचे संकरित वाण तयार करण्याकडे संशोधक वळले. बंगलोरच्या कृषी विद्यापीठाने ‘गिरिराज’, हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाने ‘वनराजा’ व ‘ग्रामप्रिया’ आणि इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने असीलपासून ‘निर्भीक’ व कडकनाथपासून ‘श्यामा’ हे वाण निर्माण केले. केवळ अंड्यांचा विचार केल्यास यांपैकी ग्रामप्रिया अधिक उपयुक्त होय. परसात थोडे पूरक खाद्य दिल्यास ती दीड वर्ष वयापर्यंत १६० ते १८० तपकिरी झाक असलेली अंडी देते. वनराजा वजनदार असल्यामुळे मांसास चांगली, पण त्याच कारणाने मुंगूस, रानमांजर व कुत्री यांच्या तडाख्यातून तिला पळता येत नाही.

अशा वाणांची एक अडचण वाटप करताना पुरेशी सांगितली जात नाही. त्या कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत. अंडी अधिक मिळण्याचे तेच एक कारण आहे, परंतु त्यामुळे पुढची पिढी परसात आपोआप तयार होत नाही. त्यांची अंडी देशी कोंबडीखाली उबविली, तरी पिलांमध्ये मूळ संकराचे गुण विखुरतात व अंड्यांची संख्या घटते. म्हणून दर दीड-दोन वर्षांनी नवी पिले वा तलंगा (अंड्यावर येण्यापूर्वीच्या तरुण माद्या) विकत आणाव्या लागतात. महाराष्ट्र शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे पुणे, औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर), कोल्हापूर व नागपूर येथे स्थापन झाली. त्यांपैकी नागपूरचे केंद्र नागभीडला जवळचे. एकदिवसीय पिलांना पहिल्या आठवड्यात सु. ३५° से. ऊब लागते व ती दर आठवड्यास सु. ३° से. कमी करीत न्यावी लागते. विजेचा भरवसा नसलेल्या खेड्यात एवढे जमणे कठीण असते. शासकीय योजनेत आठ ते दहा आठवड्यांच्या २५ तलंगा व ३ नर असा गट देण्याची पद्धत पडली, ती याच अनुभवामुळे होय. व्यवहारात मिश्र कळप उत्तम ठरतो. दोन-तीन देशी कोंबड्या पिले काढण्यास व पाच-सहा सुधारित कोंबड्या विक्रीच्या अंड्यांसाठी ठेवल्यास दोहोंचे गुण पदरात पडतात.

खाद्य व नफ्याचा हिशोब : व्यापारी फार्मवरील कोंबडी दररोज सु. ११० ग्रॅ. म्हणजे वर्षाला सु. ४० किग्रॅ. खाद्य खाते आणि ३०० ते ३१० अंडी देते. म्हणजे प्रत्येक अंड्यामागे सु. १३० ग्रॅ. विकतचे खाद्य लागते. धंद्यातील खर्चाचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग हाच असतो. आता देशी कोंबडीस कोंडून तिला दररोज ८० ग्रॅ. विकतचे खाद्य घातले, तर वर्षाला २९ किग्रॅ. खाद्य लागून ६० अंडी मिळतील. एका अंड्यास जवळजवळ अर्धा किग्रॅ. खाद्य पडेल. असा धंदा कोणत्याही भावाला बुडीतच जाईल. तीच कोंबडी मोकळी सोडली व तिला घरची मूठभर कणी तेवढी घातली, तर विकतच्या खाद्याचा खर्च शून्यावर येतो आणि अंडी थोडी असली तरी ती निव्वळ प्राप्ती असते. ग्रामप्रियेसारख्या कोंबडीस मोकळे सोडून वर रोज सु. ४० ग्रॅ. पूरक खाद्य दिल्यास वर्षाला १४ ते १५ किग्रॅ. खाद्य लागते. १८० अंडी मिळाल्यास दर अंड्यामागे ८० ग्रॅ. खाद्य पडते, म्हणजे व्यापारी फार्मपेक्षाही कमी. परसातील कोंबडीचा नफा तिच्या अंड्यांच्या संख्येत नसून तिने स्वतः वेचून खाल्लेल्या घासांत आहे.

यावरून कळपाची मर्यादाही ठरते. एका परसात, उकिरड्यावर व आसपासच्या बांध्यांत ठराविकच अन्न उपलब्ध असते. दहा कोंबड्यांना पुरणारे अन्न चाळीस कोंबड्यांत वाटले गेले की, प्रत्येकीची अंडी घटतात व पालक विकतच्या खाद्याकडे वळतो. तेव्हापासून तो न कळत हजारो पक्ष्यांच्या फार्मचा प्रतिस्पर्धी होतो. मोठे फार्म मका व सोयापेंड गाडीभर घेतात, त्याला ती किलो-किलोने घ्यावी लागते. चांगली सुरुवात झालेले अनेक परसातील कळप या टप्प्यावर मोडतात. कळप वाढवायचा झाल्यास तो अर्धवट न वाढविता निराळा धंदा म्हणून, निराळ्या हिशोबाने वाढविणे इष्ट होय.

परसातील अन्न वर्षभर सारखे नसते. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत दाणे विपुल असतात, पण किडे कमी. पावसाळ्यात किडे व पाला भरपूर, पण घरातील धान्य संपत आलेले असते. एप्रिल-मे हा दोन्ही बाजूंनी दुष्काळाचा काळ. म्हणून पूरक खाद्याचे प्रमाण ऋतूनुसार बदलावे. पावसाळ्यात कणी व भरडलेले ज्वारी-मका द्यावेत, तर हिवाळ्यात प्रथिनयुक्त पेंड, सुकटीचा चुरा किंवा वाळवी. तांदळाचा कोंडा स्निग्ध असल्यामुळे काही आठवड्यांतच खवट होतो, तो ताजाच वापरावा. बुरशी आलेले धान्य ‘कोंबड्यांना चालेल’ म्हणून बाजूला काढण्याची सवय घातक आहे. बुरशीतील अफ्लाटॉक्सिनाने यकृत बिघडते व कोंबड्या हळूहळू अंडी घालावयाच्या थांबतात. जवसाची पेंड कोंबड्यांना अल्प प्रमाणातच मानवते. एका अंड्याच्या कवचात सु. २ ग्रॅ. कॅल्शियम असते. अंडी मऊ कवचाची पडू लागल्यास ठेचलेले शिंपले वा भाजून कुटलेली अंड्यांची टरफले निराळ्या भांड्यात ठेवावीत. कोंबडी गरजेपुरते उचलते.

अंडी घालण्याचे चक्र : बलकापासून कवचापर्यंत अंडे तयार होण्यास २४ तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. म्हणून कोंबडी दररोज थोडी उशिरा अंडे घालीत जाते व मध्ये एक दिवस खंड पडतो. देशी कोंबडी एका पाळीत १२ ते १५ अंडी घालून खुडूक होते. तिचे शरीर तापते, ती घरट्यावरून उठत नाही व अंडी बंद होतात. मग २१ दिवस उबवण आणि त्यानंतर दोन ते अडीच महिने पिलांचा सांभाळ. असे एक चक्र सु. १५ आठवड्यांचे होते, त्यामुळे वर्षात तीन किंवा फार तर चार पाळ्या मिळतात. पिले तीन-चार आठवड्यांची झाल्यावर ती वेगळ्या डालग्याखाली ठेवून त्यांचे खाणेपिणे स्वतंत्रपणे पाहिल्यास आई लवकर पुन्हा अंड्यावर येते आणि वर्षाला एक-दोन पाळ्या अधिक पदरात पडतात. उबवणीस मोठ्या आकाराची, स्वच्छ व आठवड्याच्या आतील अंडी घ्यावीत. एका कोंबडीखाली दहा-बारापेक्षा अधिक ठेवू नयेत. सातव्या-आठव्या दिवशी अंधारात दिव्यासमोर अंडे धरून पाहिल्यास जिवंत गर्भाचे लाल जाळे दिसते. जाळे नसलेली अंडी काढून टाकावीत.

मृत्यूचे प्रमाण : परसातील कुक्कुटपालनाचे सर्वांत मोठे नुकसान येथेच होते. समजा, एका कोंबडीने वर्षात तीन वेळा दहा-दहा पिले काढली. तीस पिलांपैकी सत्तर टक्के मेली, तर नऊ उरतात. मृत्यू चाळीस टक्क्यांवर आले, तर अठरा उरतात. एकही अंडे अधिक न घालता त्याच कोंबडीचे उत्पन्न दुप्पट होते. मोठ्या झालेल्या एका गावरान कोंबड्याची किंमत पुष्कळदा दोन-तीन डझन गावरान अंड्यांइतकी येते, हे लक्षात घेतल्यास अधिक अंड्यांच्या जातीमागे धावण्यापूर्वी पिले जगविण्याकडे लक्ष देणे का हिताचे, हे समजते.

पिलांचे शत्रू अनेक आहेत. घार, शिक्रा, कावळा, मुंगूस, साप, मांजर. पहिले चार आठवडे दिवसा बुरडाने विणलेल्या बांबूच्या डालग्याखाली पिले ठेवली, तर यांपैकी बहुतेकांचा उपद्रव टळतो. परंतु एका आठवड्यात सारे परस ओस पाडणारा शत्रू म्हणजे मानमोडी किंवा राणीखेत रोग. हा विषाणुजन्य रोग १९२६ मध्ये जावा बेटात व इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे प्रथम ओळखला गेला व १९२७ च्या सुमारास भारतात राणीखेत येथे आढळला. कोंबडी चोच उघडून श्वास घेते, हिरवट हगवण लागते, जगलीच तर मान पिळवटून मागे वळते. त्यावरून मराठी नाव पडले. औषधाने हा रोग बरा होत नाही. लागण दिसताच उरलेल्या कोंबड्या बाजारात विकून मोकळे होण्याची प्रवृत्ती स्वाभाविक आहे, पण रोग एका गावाहून दुसऱ्या गावी जातो तो बहुधा याच वाटेने.

प्रतिबंधक लस मात्र खात्रीची व स्वस्त आहे. पहिल्या आठवड्यात लासोटा किंवा एफ विभेदाची लस डोळ्यात वा नाकपुडीत एक थेंब घालून देतात, चार आठवड्यांनी ती पुन्हा देतात आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास ‘आर-टू-बी’ ही लस टोचतात. शेवटची लस मुक्तेश्वर येथील पशुवैद्यक संशोधन संस्थेत तयार झालेल्या विषाणु-विभेदाची आहे. महाराष्ट्रात पुणे येथील पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था या लसी तयार करते. तरीही परसातील बहुसंख्य कोंबड्यांपर्यंत लस पोहोचत नाही. याचे कारण अज्ञानापेक्षा कुपीच्या आकारात अधिक आहे. कुपी १०० किंवा अधिक मात्रांची असते, ती बर्फात २° ते ८° से. तापमानात आणावी लागते आणि एकदा द्रवात मिसळल्यावर दोन तासांच्या आत संपवावी लागते. आठ कोंबड्यांच्या मालकिणीने शंभर मात्रांची कुपी एकटीने आणावी, ही अपेक्षा व्यर्थ होय. पंधरा घरांनी एकाच दिवशी, पहाटे खुराडी उघडण्यापूर्वी लस दिली, तर ती कुपी पुरेपूर वापरली जाते. बांगला देशात १९८० नंतरच्या दशकात खेड्यातील स्त्रियांनाच लस टोचण्याचे शिक्षण देऊन, त्यांनी प्रत्येक कोंबडीमागे अल्प मोबदला घ्यावा अशी योजना करण्यात आली व ती मोठ्या प्रमाणावर यशस्वी झाली. महाराष्ट्रात स्वयंसाहाय्यता गटांतील ‘पशुसखी’ हे काम करू शकतात. ज्या गावात पशुसखी नियमाने फिरते, तेथे इतर कोणत्याही अनुदानापेक्षा तिचा उपयोग अधिक होतो. देवी या रोगाची लसही त्याच फेरीत देता येते. रक्ती हगवण व जंत यांस ओल आणि साचलेली विष्ठा कारण होते. त्यावर खुराडे कोरडे ठेवणे हा मुख्य उपाय होय.

बर्ड फ्ल्यूचा प्रश्न निराळा आहे. भारतातील त्याची पहिली साथ फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथील फार्मांत उद्भवली. जानेवारी २०२५ मध्ये तो नागभीडच्या शेजारच्या ब्रह्मपुरी तालुक्यातील मांगली या गावी आढळला. त्याच सुमारास नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ व एक बिबट्या या रोगाने मरण पावल्याने तो वन्य पशूंनाही कसा बाधतो, हे दिसून आले. हिवाळ्यात तलावांवर उतरणारी स्थलांतरी बदके व तलावकाठी चरणाऱ्या कोंबड्या यांचा संपर्क टाळणे झाडीपट्टीत सोपे नाही, तरी पाणवठा घराजवळच केल्यास तो पुष्कळ कमी होतो. रोगाचे निदान झाल्यावर बाधित ठिकाणाभोवतीच्या ठरलेल्या क्षेत्रातील सर्व पक्षी मारण्यात येतात व मालकास भरपाई दिली जाते. अचानक एकापेक्षा अधिक पक्षी मेल्यास ते ओढ्यात न टाकता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. मेलेला पक्षी उघड्या हाताने सोलणे धोक्याचे आहे.

निवारा व उन्हाळा : खुराडे बांबूचे, जमिनीपासून दोन-तीन फूट उंच खुंटांवर उभारलेले असावे. तळ फटींचा ठेवल्यास विष्ठा खाली पडते व ती वाडीतील भाजीस खत होते. दर चौरस फुटास एक पक्षी, एवढी जागा रात्रीपुरती पुरते. बिबट्याचा वावर असलेल्या गावांत खुराडे झोपडीच्या भिंतीस लागून व दाराला भक्कम अडसर असलेले हवे. चार-पाच कोंबड्यांमागे तणस घातलेली एक टोपली अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावी, अन्यथा कोंबड्या कुंपणात अंडी घालतात व ती सापाच्या किंवा शेजाऱ्याच्या वाट्याला जातात.

ब्रह्मपुरी-नागभीड भागात मे महिन्यात पारा ४५° से.च्या पलीकडे जातो. कोंबडीस घर्मग्रंथी नसतात. तिच्या शरीराचे तापमान मुळातच सु. ४१° से. असल्यामुळे ती धापा टाकूनच उष्णता बाहेर टाकते. धापेमुळे रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड घटून कवच पातळ होते, भूक मंदावते आणि अंडी कमी पडतात. दाट सावली, मातीच्या पसरट भांड्यात दिवसातून दोन-तीनदा बदललेले गार पाणी आणि पहाटे व सायंकाळीच खाद्य, एवढ्याने मृत्यू पुष्कळ टळतात. मोह, आंबा किंवा फणस यांच्या सावलीतले परस पत्र्याच्या शेडपेक्षा कितीतरी बरे.

अंड्यांची साठवण व विक्री : फलित अंड्यातील गर्भ २१° ते २४° से.च्या वर हळूहळू वाढू लागतो. म्हणून उन्हाळ्यात गावरान अंडे तीन-चार दिवसांतच खराब होते. विक्रीच्या अंड्यांसाठी कोंबड्यांतून नर वेगळा ठेवल्यास अंडी अफलित राहून दुप्पट टिकतात. अंडी घालण्यास नराची आवश्यकता नसते, ही साधी गोष्ट अनेक पालकांस ठाऊक नसते. अंडी धुवू नयेत. धुण्याने कवचावरील संरक्षक थर निघून जातो व जंतू छिद्रांतून आत शिरतात. ओल्या वाळूवर ठेवलेल्या मातीच्या मडक्यात अंडी रुंद टोक वर करून ठेवावीत. पाण्यात टाकल्यावर ताजे अंडे तळाशी आडवे राहते, शिळे उभे होते किंवा तरंगते. बाजारात नेताना टोपलीत धानाचा कोंडा भरून त्यात अंडी खोचण्याची जुनी रीत आजही उत्तम आहे.

अंड्याचा सर्वसाधारण भाव १९८२ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती सुचविते. तो फार्मच्या अंड्यांचा असतो. नागभीड, तळोधी (बाळापूर), सिंदेवाही किंवा ब्रह्मपुरी येथील आठवडी बाजारांत गावरान अंडी नगावर व बऱ्याच चढ्या दराने जातात. पोषणमूल्याच्या दृष्टीने हा फरक तेवढा मोठा नाही. दोन्ही अंड्यांत सु. १२ ते १३ टक्के प्रथिने असतात आणि कवचाच्या रंगाचा पोषणाशी संबंध नसतो. गिऱ्हाईक चव, ताजेपणा व विश्वास यांची किंमत देते. फार्मची अंडी चहाच्या पाण्यात रंगवून गावरान म्हणून विकण्याचे प्रकार शहरांत घडतात ते याच कारणाने. त्यामुळे ओळखीच्या घरी, ओळखीच्या हातून विकलेले अंडे ही परसातील पालकाची खरी मक्तेदारी होय. तिला मध्यस्थाकडे सोपविल्यास भाव लगेच पडतो. नागपूरचे मोठे गिऱ्हाईक शंभर किमी.वर असले, तरी पाच-सात घरांनी मिळून आठवड्याला शंभरभर अंडी एकसारख्या वजनाची निवडून पाठविल्याखेरीज तेथवर जाणे परवडत नाही. नागपूर-नागभीड हा अरुंदमापी लोहमार्ग २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाल्यावर खेड्यांतील टोपलीवाल्यांस एस.टी.चाच आधार उरला.

मागणी पंचांगाप्रमाणे चढते-उतरते. आखाडात, पोळ्याच्या करीला, धूलिवंदनाला आणि दिवाळीनंतर मंडई व झाडीपट्टीच्या नाटकांसाठी पाहुणे गावोगाव येतात तेव्हा कोंबड्यांना भाव असतो. श्रावणात व नवरात्रात तो पडतो. म्हणून फाल्गुनाच्या बाजारासाठी पावसाळा संपताच पिले काढावी लागतात. पिले वा कोंबड्या पुरवून ‘अंडी आम्हीच परत घेऊ’ असा करार करणाऱ्यांपासून सावध राहावे. कडकनाथच्या नावाने पश्चिम महाराष्ट्रात अशा ठेवी गोळा करणारा एक व्यवहार २०१९ मध्ये कोसळून अनेक शेतकऱ्यांचे पैसे बुडाले.

या उत्पन्नाचा आकार लहान असला, तरी ते कोणाच्या हाती पडते हे महत्त्वाचे आहे. धानाचे पैसे वर्षातून एकदा व बहुधा पुरुषाच्या हाती येतात आणि कर्ज फेडण्यात संपतात. अंड्यांचे पैसे दर आठवड्यास येतात व ते घरातील स्त्रीचे मानले जातात. मीठ-तेल, मुलाची वही, दवाखान्याचे भाडे त्यांतून भागते. ब्रह्मपुरी वनविभागात मोहफुले वेचताना, तेंदूपाने तोडताना वा सरपण आणताना वाघाच्या हल्ल्यात माणसे मरण पावतात. रानातल्या एखाद्या फेरीऐवजी परसातून तेवढेच पैसे मिळणे हा त्या घरांपुढील खरा पर्याय आहे. आजारपण वा अडचण आल्यास एखादा कोंबडा विकून तात्काळ रोख रक्कम उभी करता येते. बकरी किंवा गाय विकण्याइतका तो मोठा निर्णय नसतो.

त्याच घरातील आहाराचा विचारही आवश्यक आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे प्रत्येक व्यक्तीस वर्षाला १८० अंडी मिळावीत. २०२३-२४ मध्ये देशातील दरडोई उपलब्धता सु. १०३ होती व ती प्रामुख्याने शहरांच्या वाट्याला आली. परसातील अंडी बाजारात चढ्या भावाने जात असल्यामुळे, ज्या घरात ती निपजतात तेथील मुलांना ती क्वचितच मिळतात, असे अनेकदा आढळते. काही घरांतील स्त्रिया यावर एक व्यवहारी तोड काढतात. मोठी गावरान अंडी विकून त्याच पैशांत फार्मची स्वस्त अंडी दीडपट संख्येने घेतात. गडचिरोलीसारख्या अनुसूचित क्षेत्रात २०१५ पासून सुरू झालेल्या अमृत आहार योजनेखाली अंगणवाड्यांतून अंडी देण्याची व्यवस्था झाली. या अंगणवाड्यांना दर आठवड्यास ठराविक संख्येने व न चुकता अंडी लागतात. विखुरलेल्या परसांतून पावसाळ्यात ती गोळा करणे अवघड असले, तरी वीस-पंचवीस घरांचा गट, प्रत्येक घरी पाच-सहा सुधारित कोंबड्या आणि लस देणारी एक पशुसखी एवढ्या सामग्रीवर एका गावाच्या अंगणवाडीस पुरतील इतकी अंडी गावातच उपलब्ध होऊ शकतात.